अनोळखी पंगत

बंगळूर शहराच्या नावाविषयी कर्नाटकात एक दंतकथा सांगतात. होयसळ वंशातील राजा वीरबल्लाळ शिकारीच्या नादात रानात वाट चुकला. दिवस मावळला, बरोबरचे लोक मागे राहिले आणि भुकेने राजाचा जीव व्याकूळ झाला. अखेर एका झोपडीत दिवा दिसला. झोपडीत एक म्हातारी होती. दारी आलेला माणूस कोण, कुठला, हे तिला ठाऊक नव्हते, आणि घरात उकडलेल्या कडधान्यावाचून दुसरे काही नव्हते. तिने तेच त्याच्यापुढे ठेवले. राजा जेवून तृप्त झाला आणि त्याने त्या जागेला 'बेंद काळ ऊरु', म्हणजे उकडलेल्या कडधान्याचे गाव, असे नाव दिले. त्याचेच पुढे बेंगळूरु झाले, असे ही कथा सांगते.

इतिहासकार ही कथा मानीत नाहीत. शहराजवळच्या बेगूर येथील नवव्या शतकातल्या शिलालेखात बेंगळूरु हे नाव कोरलेले आहे, आणि वीरबल्लाळ त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झाला. तरीही ही कथा लोकांच्या तोंडी टिकून राहिली आहे, याला अर्थ आहे. पुष्कळ गावांच्या नावामागे एखादी लढाई किंवा एखाद्या देवाचा दृष्टान्त सांगितला जातो. बंगळूरकरांनी मात्र आपल्या शहराच्या नावाशी एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला वाढलेले जेवण जोडले. त्या जेवणात पक्वान्न नव्हते; ओळख होण्याआधीच पुढे झालेला यजमानाचा हात मात्र होता.

आज या शहराची वस्ती एक कोटीच्या पलीकडे गेली आहे. केंपेगौडांनी १५३७ साली मातीचा कोट घालून वसविलेल्या पेठेत आता देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. त्यांत पुण्याची, सोलापूरची, नागपूरची, बेळगावची मराठी मुलेमुलीही हजारोंनी आहेत. संगणकाच्या कचेरीत दिवसभर काम करावे, रात्री कुठल्यातरी उंच इमारतीतल्या भाड्याच्या खोलीवर यावे, आणि दुचाकीवरून कुणीतरी आणून दिलेले पुडक्यातले जेवण एकट्याने जेवावे, असा अनेकांचा दिनक्रम असतो. जेवण वेळेवर मिळते, गरम मिळते, हव्या त्या प्रांताचे मिळते. उणीव असते ती शेजारच्या पानाची. पोळी संपली काय, भाजी आणखी हवी काय, असे विचारणारे तिथे कुणी नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी मोठ्या शहरांत अलीकडे नाना प्रकारचे उद्योग निघाले आहेत. त्यांतला सर्वांत डोळ्यांत भरणारा प्रकार म्हणजे आकाशातले जेवण. बेल्जममध्ये २००६ साली ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली. एका मोठ्या मेजाभोवती बावीस आसने, प्रत्येक आसनाला पट्टे, मध्यभागी आचारी आणि वाढपी. आणि बंदरात माल उचलणाऱ्या क्रेनसारख्या यंत्राने हे सगळे बिऱ्हाड सुमारे ५० मीटर उंच उचलायचे. खाली पाय लोंबकळत असतात आणि वर माणसे जेवत असतात. बंगळूरच्या उत्तर भागात नागवार तलावाकाठी असाच एक प्रयोग मागील दशकात झाला, आणि लोक पुष्कळ पैसे मोजून तिथे गेले.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट, अंधारातल्या जेवणाचा. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरात १९९९ साली एक उपाहारगृह निघाले. तिथे मिट्ट काळोखात जेवायचे असते. योर्ग स्पीलमान नावाचे एक अंध धर्मोपदेशक या कामात पुढे होते, आणि वाढण्याचे काम अंध व्यक्ती करतात. बाहेरच्या जगात ज्यांचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा लागतो, त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून इथे डोळस पाहुण्यांना आपल्या जागेपर्यंत जावे लागते. ही कल्पनाही जगभर पसरली आणि भारतात हैदराबादेपर्यंत आली.

तिसरा प्रकार दिसायला अगदी साधा आहे. पाचसहा माणसे, एकमेकांना पूर्वी कधीही न भेटलेली, आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री एखाद्या उपाहारगृहात एका मेजाभोवती बसतात. कोण येणार हे आधी सांगितले जात नाही. जेवावे, बोलावे, आणि मन जुळले तर पुन्हा भेटावे, एवढाच बेत असतो. काही घरांतूनही असे घडते. एखादी हौशी गृहिणी किंवा निवृत्त गृहस्थ महिन्यातून एकदोनदा आपल्या घरी दहाबारा अनोळखी माणसांना मूल्य घेऊन जेवू घालतात. आपल्या गावाकडचे, बाजारात न मिळणारे पदार्थ करतात आणि त्यांच्या कथा सांगतात. यांशिवाय पहाटेच्या अंधारात डोंगर चढून सूर्योदय पाहणे, तळ्यात नाव वल्हविणे, द्राक्षांच्या मळ्यात जाऊन पायांनी द्राक्षे तुडविणे, अशा सहलीही असतातच.

जुन्या वळणाच्या माणसाला हे सारे पाहून हसू येण्याचा संभव आहे. पैसे देऊन अनोळखी माणसांत जेवायला बसायचे, यात मौज ती कोणती, असे त्याला वाटेल. पण घराबाहेर, नेहमीच्या पाटारांगोळीपासून दूर जाऊन जेवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. कार्तिकात आवळीभोजन होते. आवळ्याच्या झाडाखाली जागा सारवून पंगत बसते आणि घरच्याच वरणभाताला रानातल्या वाऱ्याने निराळी चव येते. कोजागिरीला गच्चीवर दूध आटते. पौषाच्या थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली कणसे तळहातांवर चोळून कोवळे दाणे पुढे येतात, आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही असते. कर्नाटकातही चांदण्यातले जेवण असते. त्याला 'बेळदिंगळ ऊट' म्हणतात. आई किंवा आजी मोठ्या भांड्यात भात कालवून मध्ये बसते, भोवती मुलांचे कोंडाळे होते, आणि ती एकेकाच्या हातावर एकेक घास ठेवीत जाते. हातावरच्या या घासाला 'कै तुत्तु' असे नाव आहे. थाळी नाही, वाटी नाही. चंद्र आणि आजीचा हात एवढ्यावर जेवण होते.

या जुन्या सहलींत आणि आजच्या नव्या सहलींत एक मोठे अंतर आहे, आणि ते नीट पाहिले पाहिजे. आवळीभोजनात जागा बदलत असे, पंगत बदलत नसे. झाडाखाली जी माणसे बसत ती घरातली, आळीतली, नात्यातली किंवा जातीतली असत. शेजारच्या पानावर कोण असेल हे जन्मानेच ठरून गेलेले असे. रानात गेले तरी सोवळे बरोबर जाई. आज शहरातले तरुण ज्या मेजाकडे जातात तिथे जागेचे नावीन्य थोडे असले तरी शेजारी बसणारा माणूस खरोखर अनोळखी असतो. त्याचे नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, आणि जात विचारण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. या एका गोष्टीसाठी या देशात किती मोल द्यावे लागले आहे, याची आठवण त्या मेजावर बसणाऱ्या तरुणांपैकी फार थोड्यांना असेल.

मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू होता, आणि सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. हे सगळे गुप्तपणे चाले. पावाचा एक तुकडा बंद दाराआड खायचा आणि बाहेर कळू द्यायचे नाही, इतके त्या घासाचे भय होते. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याच्या भीतीने सभेत धांदल उडाली आणि ती मोडली. पुढे तीस वर्षांनी, १८९० च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना चहा देण्यात आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा कुणी घेतला, कुणी नुसता पेला हाती धरला. पण उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक पेला चहासाठी हे सारे घडले.

केरळात चेराई येथे १९१७ साली सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवून आणले. ते स्वतः ईळवा समाजातले. त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुलय समाजातील मुलांना बरोबर घेतले आणि सर्वजण एकत्र जेवले. जेवण साधेच होते. फणसाच्या आठळ्या आणि हरभरे यांची भाजी त्यात होती, असे सांगतात. त्याबद्दल त्यांच्याच समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि 'पुलयन अय्यप्पन' म्हणून त्यांची हेटाळणी केली. त्यांनी ते नाव भूषण म्हणून स्वीकारले. महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह केला. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडविली आणि १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृह उघडले. शेजारच्या माणसाबरोबर खाणेपिणे हे त्या काळी खरे साहस होते. ५० मीटर उंच मेजावर बसणाऱ्याला पट्टे आवळून सुरक्षित ठेवलेले असते. चेराईच्या त्या पंगतीला असा पट्टा नव्हता.

बंगळूरच्या उपाहारगृहांचा इतिहासही या प्रश्नाला स्पर्श करून जातो. लालबागेजवळचे मावळ्ळी टिफिन रूम हे शहरातले विख्यात उपाहारगृह. उडुपीकडून आलेल्या मैय्या बंधूंनी १९२४ साली ते सुरू केले तेव्हा त्याचे नाव ब्राह्मण कॉफी क्लब असे होते. त्या काळी ब्राह्मणाच्या हातचे अन्न हीच खाणावळीची मोठी जाहिरात असे, आणि घराबाहेर जेवायला कचरणारे गिऱ्हाईक त्याच भरवशावर आत पाऊल टाकी. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला तेव्हा याच घराने रव्याची इडली प्रचारात आणली. पुढे नाव बदलले, आणि आज तिथे बसायला जागा मिळावी म्हणून सर्व थरांतली माणसे एकाच दालनात थांबतात. गांधी बाजारातले विद्यार्थी भवन १९४३ सालचे. तिथे गर्दीच्या वेळी एका मेजावर चार परकी माणसे बसतात, आणि डोसा खाणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचे गिऱ्हाईक शांतपणे उभे असते.

यापुढची पायरी १९८३ साली जयनगरात पडली. तिथे 'दर्शिनी' नावाचा प्रकार सुरू झाला. यात खुर्च्या नाहीत, वाढपी नाहीत. पैसे भरावेत, समोरच्या खिडकीतून थाळी घ्यावी आणि उंच कट्ट्यापाशी उभ्याने खावे. स्वयंपाक सर्वांना दिसेल असा उघड्यावर चालतो. जागा आणि नोकर यांचा खर्च वाचल्यामुळे पदार्थ स्वस्त झाले, आणि त्याबरोबर असेही झाले की रिक्षावाला, कचेरीतला अधिकारी, शाळकरी पोर आणि भाजीवाली एकाच कट्ट्यावर कॉफीचे पेले ठेवू लागली. या गोष्टीला कुणी सहभोजन म्हटले नाही, त्यासाठी सभा भरली नाही, कुणी बहिष्कार घातला नाही. सुधारकांनी ज्यासाठी जन्म वेचले ते तिथे सकाळच्या घाईत इडलीसांबाराबरोबर रोज घडते. कुणाच्या ते ध्यानातही येत नाही, यातच त्याची परिपूर्ती आहे.

मग आजच्या नव्या भोजनप्रकारांची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी? अपूर्वाई ही कसोटी होऊ शकत नाही, कारण ती दुसऱ्या खेपेस उरत नाही. आकाशातल्या मेजावर एकदा जाऊन आलेला माणूस सहसा पुन्हा जात नाही. तिथे लक्ष खालच्या खोलीकडे असते, शेजाऱ्याकडे नसते. अंधारातल्या जेवणाचे मात्र तसे नाही. तिथे रूप, कपडे, वय यांपैकी काहीच दिसत नाही. माणसाचा आवाज तेवढा उरतो, आणि वाढणाऱ्या अंध व्यक्तीचे कसब प्रत्येक घासाला जाणवते. जेवून बाहेर आलेल्याच्या मनात अंधत्वाविषयीची एखादी समजूत तरी हललेली असते. हीच दिशा धरून कर्नाटकात आणखी एक चांगले काम उभे राहिले आहे. अलीना आलम या तरुणीने २०१७ साली हुबळीत 'मिट्टी कॅफे' सुरू केले. तिथे शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती स्वयंपाक करतात, वाढतात आणि हिशेबही ठेवतात. कचेऱ्यांतून, रुग्णालयांतून आणि २०२३ पासून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातही त्यांची उपाहारगृहे निघाली. बंगळूरच्या विमानतळावरही ते आहे. एरवी ज्यांना पंगतीच्या कडेला बसविले गेले असते, ते इथे यजमान झाले आहेत.

हे विमानतळ जिथे आहे ते देवनहळ्ळी गाव बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. शहरातल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी काही वेगळे करावेसे वाटले की त्याची गाडी बहुधा याच वाटेला लागते, म्हणून या गावाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. केंपेगौडांचे पूर्वज ज्या अवतीच्या घराण्यातले मानले जातात, त्याच घराण्यातील मल्लभैरेगौडाने १५०१ साली इथे मातीचा किल्ला बांधला. १७४९ च्या वेढ्यात हैदर नावाच्या एका सैनिकाने प्रथम नाव मिळविले. तोच पुढे म्हैसूरचा हैदर अली झाला. टिपू सुलतानाचा जन्म १७५० साली इथलाच. आज दिसणारा दगडी कोट या बापलेकांच्या काळातला. किल्ल्याच्या आत अजून वस्ती आहे, वेणुगोपालाचे जुने देऊळ आहे, आणि संध्याकाळी तटावर मुले पतंग उडवीत असतात.

गावाच्या पुढे नंदीचा डोंगर लागतो. त्याची उंची १,४७८ मीटर. इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात इथे राहायला येत, आणि १९८६ साली सार्क परिषदेसाठी बंगळूरला आलेले शेजारी देशांचे प्रमुख विश्रांतीसाठी या माथ्यावर आले होते. आता सुट्टीच्या दिवशी पहाटे काळोखातच मोटारींची आणि दुचाकींची रांग पायथ्यापासून वर लागते. सूर्य उगवताना खालच्या खोऱ्यात ढग दाटलेले असतात, आणि क्षणभर सगळे गप्प होतात. डोंगराच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरच्या बाजूला कंवल ग्रोव्हर यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या जातींची द्राक्षे लावली आणि भारतीय वाइनच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत स्थान मिळविले. नाशिकला पुढे जे झाले त्याच्या आधीची ही गोष्ट. आज त्या मळ्यांत पाहुण्यांना फिरवून आणतात, रस कसा काढतात ते दाखवितात आणि जेवू घालतात.

या भागात दुसरेही द्राक्ष पिकते, काळपट निळे, जाड सालीचे, उग्र गोड वासाचे. त्याला 'बंगळूर ब्लू' म्हणतात. आणि देवनहळ्ळीची खरी खूण म्हणजे तिथले पपनस. कन्नडमध्ये त्याला 'चकोता' म्हणतात. मोठ्या नारळाएवढे फळ, बोटभर जाड साल, आत गुलाबी पाकळ्या. आणि इतर ठिकाणच्या पपनसात जो कडूपणा असतो तो यात नाही. द्राक्ष आणि पपनस या दोन्ही पिकांना सरकारी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र पपनसाची झाडे आता विरळ झाली आहेत. २००८ च्या मे महिन्यात विमानतळ सुरू झाले. सुमारे चार हजार एकरांचा हा पसारा उभा राहिल्यावर भोवतालच्या जमिनीचे भाव चढले, बागांचे भूखंड पडले, आणि जिथे फळे लागत होती तिथे फलक लागले.

विहारासाठी या भागात जाणाऱ्याला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी हिरवी शेते दिसतात, त्यांच्याविषयी एक हकीकत माहीत असलेली बरी. देवनहळ्ळी तालुक्यातल्या चन्नरायपट्टण भागातील तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमान उद्योगाच्या वसाहतीसाठी ताब्यात घेण्याचा बेत सरकारने केला. २०२२ सालच्या एप्रिलमध्ये तिथले शेतकरी धरणे धरून बसले. नाचणी, भाजीपाला, फुले, द्राक्षे, रेशमासाठी तुती आणि घरटी दोनचार गाई, असा त्यांचा संसार. मोबदल्याची रक्कम लहान नव्हती. पण पैसा मिळाला तरी तो पुढच्या पिढीला पुरेल काय, आणि जमीन गेल्यावर आपण कोण राहू, असे त्यांचे म्हणणे होते. तीन वर्षांहून अधिक काळ हे धरणे चालले. अखेर १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हे भूसंपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. उद्योग वाढले पाहिजेत, रोजगार हवा, हेही खरे आहे, आणि त्या वसाहतीत उद्या शेतकऱ्यांच्याच मुलांना नोकऱ्या मिळाल्या असत्या, असे म्हणणारेही होते. परंतु त्या तेरा गावांनी शहराला एका गोष्टीची आठवण करून दिली. शहराची भाजी आणि दूध कुठूनतरी येते, आणि ते 'कुठूनतरी' म्हणजे नाव, घर आणि सातबारा असलेली माणसे आहेत.

दुपारच्या उन्हात मळ्यात जेवायला बसलेल्या शहरी पाहुण्याला या माणसांचे दर्शन घडते काय, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळदा घडत नाही. शेत हा त्याच्यासाठी देखावा असतो. त्यापुढे उभे राहून छायाचित्र घ्यायचे असते. वाढणारा गणवेशातला, स्वयंपाकी पडद्यामागचा, आणि जमीन कुणाची हे विचारण्याची रीत नसते. मूल्य चुकते करून गाडीत बसले की संबंध संपला. अशा जेवणात सगळे असते. यजमान तेवढा नसतो. म्हातारीच्या झोपडीत नेमके याच्या उलट होते.

महाराष्ट्रात कृषिपर्यटनाचा जो उपक्रम चालू शतकाच्या पहिल्या दशकात बारामतीच्या परिसरात पांडुरंग तावरे यांनी हाती घेतला, त्याचे महत्त्व या दृष्टीने आहे. तिथे शेतकरी स्वतः यजमान असतो. पाहुणा बैलगाडीत बसतो, गोठा पाहतो, चुलीवरची भाकरी खातो, आणि यंदा पाऊस किती झाला, उसाला भाव काय मिळाला, हेही त्याच्या कानी पडते. शेतकऱ्याच्या घरी दोन पैसे येतात आणि शहरातल्या मुलाला कांदा जमिनीखाली येतो की वर, हे कळते. हुरड्याच्या दिवसांत पुण्याहून, औरंगाबादेहून (आता छत्रपती संभाजीनगर), सोलापुराहून शेकडो कुटुंबे अशी शेतावर जातात. त्यांपैकी काही ठिकाणी गाण्यांचा गोंगाट आणि बाजारी थाट शिरला आहे, हे नाकारता येणार नाही. पण जिथे आगटीपाशी घरधनी स्वतः कणसे चोळीत बसलेला असतो तिथे अजून जुने सख्य नांदते.

बंगळूर शहरालाही असा एक अस्सल उत्सव लाभला आहे. कार्तिक महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी 'कडलेकायि परिषे' भरते. कडलेकायि म्हणजे भुईमूग, आणि परिषे म्हणजे जत्रा. पूर्वी या टेकडीभोवती भुईमुगाची शेते होती आणि दर पौर्णिमेला एक बैल येऊन पीक खाऊन जाई, अशी कथा आहे. शेतकऱ्यांनी पहिले पीक देवाला देण्याचा नवस केला, म्हणून आजही गावोगावचे शेतकरी नव्या शेंगांची पोती घेऊन इथे येतात. ताज्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग दुतर्फा लागतात. कागदी पुडी हातात घेऊन, टरफले सोडीत, लाखो माणसे त्या गर्दीत फिरतात. आत शिरायला मूल्य नाही, आसन राखून ठेवावे लागत नाही. विकणारा बहुधा पिकविणाराच असतो, आणि शेंग गोड का लागली याचे कारण तो मातीवरून सांगतो.

पौष-माघात वालासारख्या 'अवरे' या शेंगांचा हंगाम येतो तेव्हा शहरात त्याचा मेळा भरतो. भिजविलेले दाणे चिमटीत दाबून सालीतून सोलायचे आणि त्यांचे सार करून नाचणीच्या मुद्द्याबरोबर खायचे, ही तिथली रीत. कोकणात वालाच्या डाळिंब्या सोलायला घरातली सगळी माणसे परातीभोवती बसतात, त्याचीच ही कन्नड बहीण म्हणावी. मराठी माणसाने बंगळुरात पहिल्यांदा हे सार चाखले की त्याला परकेपणा वाटत नाही. उलट आपल्याच आजीचा हात आठवतो.

तेव्हा मोठ्या शहरात राहणाऱ्या एकट्या माणसाने नवे काही करून पाहावेच. अनोळखी मेजावर बसावे, अंधारात जेवावे, नंदीच्या माथ्यावरचा सूर्योदय पाहावा, द्राक्षेही तुडवावीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि आधीच्या पिढ्यांनी ज्या पंगतीसाठी बहिष्कार सोसला तिचा लाभ न घेणे हा कृतघ्नपणाच होईल. मात्र उठताना दोन गोष्टी पदरात पडल्या की नाही ते पाहावे. शेजारी बसलेल्या माणसाचे नाव आणि गाव कळलेले असावे, आणि पानातला निदान एक पदार्थ कुणाच्या शेतातून आला हे ठाऊक झालेले असावे. देवनहळ्ळीच्या वाटेवर हिवाळ्यात पपनसाचे ढीग घेऊन बाया बसलेल्या असतात. त्यांच्यापाशी थांबून एखादे फळ फोडून घ्यावे, झाड कुठे आहे ते विचारावे, आणि जमले तर ते पाहून यावे.